मधमाशी, मासा आणि तीन न्यायमूर्ती

तुमच्या घरी रात्री भिजत घातलेले बदाम बहुधा कॅलिफोर्नियातून आलेले असतात. जगातल्या बदामांपैकी जवळपास ८० टक्के या एकाच राज्यात पिकतात आणि भारत हे त्यांचं मोठं गिऱ्हाईक. तर या बदाम बागायतदारांनी काही वर्षांपूर्वी एक खटला लढवला. मुद्दा असा होता, की भुंग्यासारखी दिसणारी, केसाळ, गुबगुबीत रानमाशी, जिला इंग्रजीत बंबलबी म्हणतात, ती कायद्याच्या दृष्टीने 'मासा' आहे का?

हसू येईल, पण प्रकरण गंभीर होतं. या माशांच्या चार जाती झपाट्याने कमी होत चालल्या होत्या. पर्यावरण संस्थांनी २०१८ मध्ये राज्याकडे मागणी केली, की त्यांना संकटग्रस्त प्राण्यांच्या कायद्याचं संरक्षण द्या. राज्याच्या आयोगाने पुढच्या वर्षी त्या दिशेने पहिलं पाऊल टाकलं. शेतकरी संघटना बिथरल्या, कारण एकदा संरक्षण मिळालं की शेतीच्या कामांवर बंधनं येणार. त्यांनी कायदा उघडून दाखवला. त्यात पक्षी, सस्तन प्राणी, मासे, उभयचर, सरपटणारे प्राणी आणि वनस्पती एवढेच होते. कीटक कुठेच नाहीत! खालच्या कोर्टाने २०२० मध्ये शेतकऱ्यांच्या बाजूने निकाल दिला.

मग प्रकरण सॅक्रामेंटोच्या अपील न्यायालयात गेलं. तिथल्या तीन न्यायमूर्तींनी ३१ मे २०२२ रोजी निकाल फिरवला. राज्याच्या वन्यजीव कायद्यात 'मासा' या शब्दाची व्याख्या दिलेली आहे आणि १९६९ पासून त्या व्याख्येत 'अपृष्ठवंशी प्राणी' हा शब्द आहे. अपृष्ठवंशी म्हणजे पाठीचा कणा नसलेला. माशीला कणा नसतो. म्हणून या कायद्यापुरती माशी मासा ठरू शकते.

जगभर या निकालाची टिंगल झाली. व्हॉट्सअ‍ॅपवर तुम्हालाही तेव्हा तो विनोद आला असेल. पण ज्या न्यायालयाने तो दिला त्याबद्दल आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही. ना ते साक्षीपुराव्याचं खालचं कोर्ट, ना ते सर्वोच्च न्यायालय. मधलं. अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत असं मधलं अपील न्यायालय असतं, आणि बहुसंख्य माणसांचा शेवटचा निकाल तिथेच लागतो. तुमचं कुणी तिकडे स्थायिक असेल तर हे माहीत असलेलं बरं. नसेल तरी, निकाल लिहिणारी माणसं कशी काम करतात हे वाचण्यासारखं आहे.

कॅलिफोर्नियात खालचं कोर्ट म्हणजे सुपीरियर कोर्ट. राज्यात ५८ काउंटी आहेत, आपल्या जिल्ह्यांसारख्या, आणि प्रत्येकीला एक सुपीरियर कोर्ट. सगळ्यात वर राज्याचं सर्वोच्च न्यायालय, त्यात फक्त सात न्यायमूर्ती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या सातांपुढे अपिलांचा असा ढीग साचला, की १९०४ मध्ये लोकांनी मतदान करून राज्यघटना दुरुस्त केली आणि मधला मजला बांधला. तेव्हा तीन विभाग होते : सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिस आणि सॅक्रामेंटो. आज सहा आहेत आणि न्यायमूर्ती १०६. सनीवेल, कूपरटिनो, सँटा क्लारा या भागात, जिथे मराठी घरं बरीच आहेत, तिथलं अपील सॅन होजेच्या सहाव्या विभागाकडे जातं. त्याच खाडीच्या काठचं फ्रीमाँट मात्र वेगळ्या काउंटीत येतं, म्हणून तिथला माणूस सॅन फ्रान्सिस्कोच्या पहिल्या विभागाकडे जातो. फाशीची शिक्षा झाली तर मात्र हा मधला मजला ओलांडून अपील थेट वर जातं.

आता एक उदाहरण घेऊ, काल्पनिकच. तुमचा मामेभाऊ सनीवेलला राहतो. घराच्या दुरुस्तीवरून त्याचं कंत्राटदाराशी बिनसलं, प्रकरण कोर्टात गेलं आणि तो हरला. कंत्राटदाराला ८० हजार डॉलर द्या, असा निकाल लागला. मामेभाऊ रात्री फोनवर सांगतो, "तो माणूस धडधडीत खोटं बोलला आणि न्यायाधीशांनी त्याच्यावर विश्वास ठेवला. आता वर जाणार. आणि ऐक, मला त्याचा एक जुना ईमेलही सापडलाय, तो दाखवला की संपलंच."

त्याला हे दोन्ही जमणार नाही.

अपील न्यायालयात नवा पुरावा जवळपास कधीच चालत नाही. तिथे साक्षीदार नसतात, ज्युरी नसते, कुणी पिंजऱ्यात उभं राहत नाही. न्यायमूर्तींपुढे असतो तो फक्त खालच्या कोर्टातला दस्तऐवज : दाखल झालेले कागद आणि तिथे बोललं गेलेलं प्रत्येक वाक्य टिपलेली लघुलेखकाची प्रत. त्या गठ्ठ्याबाहेरचं जग त्यांच्यासाठी अस्तित्वातच नाही. सापडलेला ईमेल मामेभावाच्या फोनमध्येच राहणार.

आणि कंत्राटदार खोटं बोलला हा मुद्दा? साक्षीदाराचा चेहरा, आवाज, अडखळणं, हे सगळं खालच्या न्यायाधीशाने पाहिलं. वरच्या तिघांनी फक्त कागद पाहिला. म्हणून कुणावर विश्वास ठेवायचा हे खालच्या कोर्टाने ठरवलं, की वरचे त्यात हात घालत नाहीत. निकालाला आधार देणारा भरीव पुरावा दप्तरात कुठेतरी आहे का, एवढंच ते बघतात. उलट बाजूला त्याच्या दुप्पट पुरावा असला तरी चालेल, आधार आहे ना, मग निकाल टिकला. एका विश्वासार्ह साक्षीदाराची साक्षदेखील पुरते.

आपल्या कोर्टांची सवय असलेल्या माणसाला हे खटकतं. आपल्याकडे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९६ खालचं पहिलं अपील म्हणजे वस्तुस्थिती आणि कायदा दोन्हींची पुन्हा तपासणी. पुरावा नव्याने जोखता येतो. कायद्याच्या मोठ्या प्रश्नापुरतं मर्यादित होतं ते कलम १०० खालचं दुसरं अपील. कॅलिफोर्नियातलं पहिलंच अपील स्वभावाने आपल्या दुसऱ्या अपिलाच्या जवळ जातं. त्यामुळे भारतातून फोनवर "वर जा, वर न्याय मिळेल" असा धीर देणारे आपण त्या माणसाला नकळत चुकीची आशा लावत असतो.

मुदतीचंही तसंच. निकाल नोंदवल्याची नोटीस रीतसर बजावली गेली, की ६० दिवसांच्या आत अपिलाचा अर्ज खालच्या कोर्टात दाखल झाला पाहिजे. नोटीस कुणी बजावलीच नाही तर निकाल नोंदवल्यापासून १८० दिवस. अर्ज म्हणजे अगदी साधा, एक-दोन पानांचा कागद. पण एकसष्टाव्या दिवशी पोहोचलात तर कितीही खरं, कितीही रडवणारं कारण सांगा, न्यायालयाला मुदत वाढवायचा अधिकारच नाही. भूकंप, वणवा अशी सार्वजनिक आपत्ती आली तर गोष्ट वेगळी. आपल्याकडे विलंब माफीचा अर्ज असतो, वकील तो सरावाने करतात. तिथे तो दरवाजाच नाही. खटला हरल्यावर माणूस पहिले पंधरा दिवस सुन्न असतो, पुढचा महिना चिडलेला असतो, आणि मग वकील शोधायला लागतो. हिशेब करून बघा.

शिवाय अपील केलं म्हणून पैसे देणं थांबत नाही. ८० हजारांची वसुली रोखायची तर साधारणपणे जामीन कंपनीचा दीडपट रकमेचा हमीरोखा द्यावा लागतो, म्हणजे १ लाख २० हजार डॉलरचा.

मग या न्यायालयात जिंकतं तरी कोण? ज्याला खालच्या कोर्टाची कायद्याची चूक दाखवता येते तो. प्रश्न निव्वळ कायद्याचा असेल, एखाद्या शब्दाचा अर्थ काय असा, तर वरचे तिघे खालच्या न्यायाधीशाचं मत बाजूला ठेवून पाटी कोरी करून विचार करतात. माशीचा खटला अगदी असाच होता. माश्या कमी झाल्या की नाही यावर वाद नव्हता. 'अपृष्ठवंशी' या शब्दात जमिनीवरचे जीव येतात की फक्त पाण्यातले, एवढाच होता. खालचं कोर्ट म्हणालं, व्याख्या माशांची आहे, म्हणजे पाण्यातलेच. वरच्यांनी जुनी दप्तरं काढली. याच कायद्याच्या आधारे राज्याने पूर्वी एका जमिनीवरच्या गोगलगाईला, त्रिनिटी ब्रिसल स्नेलला, संरक्षण दिलेलं होतं. नवा कायदा करताना विधिमंडळाला ते ठाऊक होतं आणि त्यांनी ते बदललं नव्हतं. गोगलगाय पाण्याबाहेरची असून चालते, तर माशी का नाही? निकाल वाचला तर तो टिंगलीचा वाटत नाही. एकेक वीट लावत नेलेला वाटतो. पटो न पटो.

तिसरा प्रकार असतो न्यायाधीशाच्या विवेकावर सोडलेल्या निर्णयांचा. मुलाचा ताबा कुणाकडे, कुणाला किती वेळ भेटू द्यायचं, वगैरे. तिथे वरचे विचारतात, हा निर्णय कुठल्याही समंजस न्यायाधीशाने घेतला असता अशा मर्यादेत आहे का? आम्ही वेगळा घेतला असता, एवढ्याने तो मोडत नाही. घटस्फोटाच्या प्रकरणात अपिलाला गेलेल्या आईबापांना हे सगळ्यात जड जातं.

या गाळण्या एकमेकींच्या शेजारी कशा चालतात हे हॉलिवूडच्या एका गाजलेल्या खटल्यात छान दिसतं. अभिनेता ली मार्विन, 'द डर्टी डझन'वाला. मिशेल ट्रायोला त्याच्यासोबत काही वर्षं लग्नाशिवाय राहिली. वेगळे झाल्यावर ती म्हणाली, मिळकत दोघांची असं आमचं ठरलं होतं, मी त्यासाठी माझं गाणं सोडलं. कोर्टांनी आधी तिला उभंच केलं नाही. पण १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की लग्नाशिवाय राहणाऱ्यांमधला करारही कोर्टात चालू शकतो. लिव्ह-इनच्या कायद्यात हा निकाल आजही दाखला म्हणून सांगतात.

पुढची गोष्ट मात्र कमी लोकांना माहीत आहे. खटला खाली परत आला, साक्षी झाल्या, आणि १९७९ मध्ये न्यायाधीशांनी ठरवलं, की असा करार झालेलाच नव्हता. ना बोलून, ना वागण्यातून. तरीही त्यांना तिची स्थिती बघवली नसावी. तिला पुन्हा पायावर उभं राहता यावं म्हणून त्यांनी १ लाख ४ हजार डॉलर दिले. गायिका म्हणून तिने मिळवलेला सर्वाधिक पगार आठवड्याला हजार डॉलर होता, त्या दराने दोन वर्षांचे.

मार्विन अपिलात गेला. १९८१ मध्ये मधल्या न्यायालयाने ती रक्कम काढून टाकली. करार नव्हता, मार्विनने तिचं काही लुबाडलं नव्हतं, काही गैर केलं नव्हतं, हे सगळं खालच्या न्यायाधीशांनीच लिहून ठेवलं होतं. वरच्यांनी त्यातला शब्दही बदलला नाही. फक्त विचारलं, मग हे पैसे कुठल्या कायद्याखाली? उत्तर नव्हतं. दया हे माणसाचं चांगलं कारण असेल, निकालाचं नव्हे. मला हा निकाल वाचताना मिशेलबद्दल वाईट वाटतं, आणि तरी त्या न्यायालयाने दुसरं काय करायला हवं होतं हे सांगता येत नाही.

चूक सापडली तरी काम संपत नाही, हे आणखी एक. कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेतच लिहिलं आहे, की न्यायाची हानी झाल्याशिवाय कुठलाही निकाल रद्द करू नये. १९५६ च्या एका खटल्यापासून कसोटी अशी : ही चूक झाली नसती तर अपीलकर्त्याला अधिक चांगला निकाल मिळण्याची वाजवी शक्यता होती का? नसेल तर न्यायमूर्ती लिहून मोकळे होतात, की हो, खालच्या कोर्टाचं चुकलं, पण फरक पडला नसता. निकाल कायम. फौजदारी खटल्यात घटनात्मक हक्काचा भंग झाला असेल तर कसोटी कडक होते आणि चुकीने फरक पडला नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारवर येते.

फौजदारीचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगतो, जी मला या सगळ्या व्यवस्थेत सर्वांत आवडते. शिक्षा झालेल्या गरीब माणसाला अपिलासाठी सरकारी खर्चाने वकील मिळतो. कधीकधी तो वकील सगळं दप्तर वाचतो आणि त्याला मांडण्यासारखा एकही मुद्दा सापडत नाही. अशा वेळी तो न्यायालयाला तसं कळवतो. मग काय व्हावं? अपील फेटाळून मोकळं व्हावं? १९७९ मध्ये ठरलं, की नाही. शिक्षेविरुद्धच्या अशा पहिल्या अपिलात न्यायालयाने स्वतः ते दप्तर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचं आणि वकिलाच्या नजरेतून काही सुटलं का बघायचं. ज्याच्या बाजूने बोलणारं कुणी नाही, त्याचे कागद न्यायालय स्वतः वाचतं.

न्यायमूर्तींचं काम म्हणजे प्रामुख्याने हेच, वाचन. दिवाणी अपिलात अपीलकर्त्याचं लेखी निवेदन १४ हजार शब्दांपर्यंत असू शकतं आणि शब्द किती झाले याचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. मग समोरच्याचं उत्तर, मग प्रत्युत्तर. प्रत्येक न्यायमूर्तीच्या हाताखाली कायद्याचे अनुभवी संशोधक वकील असतात. ते दप्तर चाळून, जुने निकाल तपासून टिपण तयार करतात. तिघांपैकी एकाकडे प्रकरण सोपवलेलं असतं, तो मसुदा लिहितो, उरलेले दोघे वाचतात, खुणा करतात, हरकती घेतात. दोघांचं एकमत झालं की निकाल झाला. तिसऱ्याला पटलं नाही तर तो मतभेदाचं निकालपत्र वेगळं लिहितो.

आणि तोंडी युक्तिवाद? प्रत्येक बाजूला नियमाप्रमाणे ३० मिनिटांपर्यंत वेळ. पुष्कळदा पक्षकार तो घेतच नाहीत. आपल्या हायकोर्टात दिवसेंदिवस चालणाऱ्या सुनावण्या पाहिलेल्याला हे अजब वाटेल. त्याहून अजब म्हणजे कॅलिफोर्नियात युक्तिवाद सुरू होण्याआधी निकालाचा मसुदा बहुधा तयार असतो. रिव्हरसाइडचं न्यायालय तर तो कच्चा निकाल आधीच दोन्ही बाजूंना पाठवतं. वकिलाला कळतं, आपण हरत आहोत, आणि नेमकं कुठल्या परिच्छेदात. मग त्याने तेवढ्यावरच बोलावं. इतर बहुतेक ठिकाणी वकील अंधारात भाषण करतात. मला रिव्हरसाइडची पद्धत जास्त प्रामाणिक वाटते.

या उलट्या क्रमाचं मूळ पगारात आहे! राज्यघटनेतलं कलम सांगतं, की प्रकरण निकालासाठी राखून ठेवल्यावर ९० दिवसांत निकाल दिला नाही तर न्यायाधीशाला पगार घेता येणार नाही. आपल्याकडे निकाल राखून ठेवल्यावर महिने उलटतात, तेव्हा हे कलम वाचून कुणाही पक्षकाराच्या तोंडाला पाणी सुटेल. पण प्रकरण 'राखलं' जातं ते साधारणपणे युक्तिवाद संपल्यावर. म्हणून न्यायालयं काम आधी उरकतात आणि मग युक्तिवादाची तारीख देतात. घड्याळ सुरू होतं तेव्हा निम्म्याहून अधिक स्वयंपाक झालेला असतो.

यात पळवाट आहे हे तुमच्या लक्षात आलंच असेल. युक्तिवादाची तारीखच दिली नाही तर घड्याळ सुरूच होत नाही आणि पगार चालू राहतो. माशीच्या निकालाच्या दुसऱ्याच दिवशी, १ जून २०२२ ला, त्याच सॅक्रामेंटोच्या न्यायालयाबद्दल वेगळी बातमी आली. न्यायाधीशांच्या वर्तनावर देखरेख ठेवणाऱ्या राज्य आयोगाने तिथल्या प्रमुख न्यायमूर्तींना जाहीर समज दिली आणि त्यांनी निवृत्त व्हायचं मान्य केलं. कारण होतं विलंब. दहा वर्षांतली सुमारे २०० प्रकरणं त्यांच्याकडे रेंगाळली होती. अपील प्रलंबित असताना कुणाचा व्यवसाय टांगलेला असतो, कुणाचं घर, आणि फौजदारी प्रकरणात माणूस तुरुंगात शिक्षा भोगत असतो. नियम तोच, घटना तीच, तरी दहा वर्षं ते होत राहिलं.

निकाल लागला, की तो दोनपैकी एका खणात जातो. नवा मुद्दा ठरवणारे, कायदा स्पष्ट करणारे निकाल 'प्रकाशित' होतात आणि पुढे दाखला म्हणून वापरता येतात. असा निकाल राज्यातल्या सगळ्या, म्हणजे ५८च्या ५८ काउंटींच्या कोर्टांवर बंधनकारक असतो. पण बहुसंख्य, दहापैकी नऊच्या आसपास, निकाल अप्रकाशित असतात. ते गुप्त नसतात, संकेतस्थळावर वाचता येतात, पण दुसऱ्या खटल्यात वकिलाने त्यांचं नाव काढायचं नाही. टीका करणारे म्हणतात, यामुळे न्यायालयाला आपला गैरसोयीचा निकाल कोपऱ्यात ढकलता येतो. आणि गंमत म्हणजे वरचं सर्वोच्च न्यायालय प्रकाशित निकालही अप्रकाशित करू शकतं. निकाल त्या दोन पक्षकारांपुरता उभाच राहतो, पण दाखला म्हणून पुसला जातो.

आता या १०६ खुर्च्यांवर बसतं कोण? वकिली किंवा न्यायदानाचा किमान दहा वर्षांचा अनुभव असलेली व्यक्ती राज्यपाल निवडतो. लक्षात घ्या, तिकडचा राज्यपाल म्हणजे आपल्या मुख्यमंत्र्यासारखा निवडून आलेला राजकीय माणूस. मग तिघांचं मंडळ त्या नावाला मान्यता देतं : राज्याचे सरन्यायाधीश, महाधिवक्ता आणि त्या अपील न्यायालयातले ज्येष्ठ प्रमुख न्यायमूर्ती. सुनावणी उघड होते. आपल्या कॉलेजियमच्या बंद खोलीशी तुलना करायचा मोह होतो, तो इथे आवरतो.

त्यानंतर मतदार येतात. राज्यपालाच्या निवडणुकीच्या मतपत्रिकेवर न्यायमूर्तीचं नाव असतं, समोर विरोधक कुणी नाही. प्रश्न एकच, यांना ठेवायचं का? हो किंवा नाही. पूर्ण मुदत १२ वर्षांची. आपल्याकडे हायकोर्टाचे न्यायमूर्ती ६२ व्या वर्षी निवृत्त होतात आणि कुणाला मत मागत नाहीत. सनीवेलच्या मतदाराला विचारा, मतपत्रिकेवरच्या त्या नावांपैकी एकाचाही निकाल वाचलाय का? बहुतेक जण सवयीने 'हो' म्हणतात किंवा जागा कोरी सोडतात.

एकदा मात्र लोकांनी 'नाही' म्हटलं. १९८६ मध्ये, फाशीच्या शिक्षेवरून पेटलेल्या प्रचारात, सर्वोच्च न्यायालयाच्या सरन्यायाधीश रोझ बर्ड आणि त्यांच्यासोबत दोन न्यायमूर्ती, क्रूझ रेनोसो आणि जोसेफ ग्रोडिन, यांना मतदारांनी घरी पाठवलं. रेनोसो आणि ग्रोडिन दोघेही त्याआधी मधल्या अपील न्यायालयात बसलेले होते. रेनोसो सॅक्रामेंटोत, म्हणजे माशीचा खटला पुढे जिथे चालला त्याच न्यायालयात. १९४२ मध्ये अ‍ॅनेट अ‍ॅबट अ‍ॅडम्स प्रमुख न्यायमूर्ती झाल्या, तेही तिथेच. राज्याच्या अपील न्यायालयात बसणाऱ्या त्या पहिल्या महिला.

माशीचा खटला शेतकऱ्यांनी आणखी वर नेला. पण सर्वोच्च न्यायालयात जाणं हा हक्क नसतो; ते सात जण आपल्याला हवी तीच प्रकरणं घेतात आणि आलेल्यांपैकी फार थोडी घेतात. सप्टेंबर २०२२ मध्ये त्यांनी हे घ्यायचं नाकारलं. तेव्हा सरन्यायाधीशांनी सोबत एक छोटं टिपण जोडलं, जे सहसा कुणी जोडत नाही. आशय असा, की आम्ही प्रकरण घेतलं नाही म्हणजे माशी हा मासा आहे असं आम्ही ठरवलं, असा अर्थ काही लोक काढतील. तो काढू नये. कायदा स्पष्ट करायचा असेल तर विधिमंडळाला मोकळीक आहे. मधल्या न्यायालयाचा निकाल मात्र जसाच्या तसा राहिला, प्रकाशित, आणि राज्यभरच्या खालच्या कोर्टांना बांधून ठेवणारा.

हे सगळं प्रत्यक्ष बघायचं असेल तर या न्यायालयांचे युक्तिवाद इंटरनेटवर थेट दिसतात. तिकडे सकाळचे साडेनऊ वाजतात तेव्हा त्यांच्या उन्हाळ्यात आपल्याकडे रात्रीचे दहा वाजलेले असतात. तीन खुर्च्या, एक वकील, आणि वकिलाचं दुसरं वाक्य पुरं व्हायच्या आत मधल्या खुर्चीतून आलेला प्रश्न. मामेभावालाही दुवा पाठवून ठेवा, साठ दिवस संपायच्या आत.